वाघ गेला, बिबट्या राहिला

श्रोतेहो, ठाण्याहून घोडबंदरच्या रस्त्याने निघाले की वाघबीळ नावाचे ठिकाण लागते. आज तिथे उंच इमारती आहेत, दुकाने आहेत, मोटारींची रीघ आहे. वाघ तेवढा नावापुरता उरला आहे. मात्र त्याच डोंगराच्या कुशीत, येऊरच्या रानात, बिबट्या अजून नांदतो आहे. नुसता नांदत नाही, तर अधूनमधून आपल्या दारातही येतो. २०१९ च्या फेब्रुवारीत तो ठाण्याच्या भर वस्तीतल्या एका मॉलमध्ये शिरला होता. २०२२ च्या नोव्हेंबरात कल्याण पूर्वेला एका राहत्या इमारतीत बिबट्या शिरला, काही माणसांना त्याने जखमी केले आणि त्याला पकडता पकडता दिवस मावळला. आणि भटका कुत्रा? त्याच्याविषयी तर विचारायलाच नको. कल्याण-डोंबिवलीत रात्रीच्या शेवटच्या गाडीने उतरून घरी चालत जाणाऱ्याला विचारा, तो सांगेल.

एकच मुलूख आणि तीन प्राणी. एक संपला, एक टिकला, एक वाढला. असे का व्हावे? हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. पाड्यावरच्या आईला संध्याकाळी पोराला अंगणात सोडताना जी धास्ती वाटते, तिचे उत्तर याच प्रश्नात दडलेले आहे. म्हणून आज आपण थोडा इतिहास पाहू आणि त्याच्या उजेडात हे कोडे सोडवू.

आधी एक हिशेब करू. शिक्षक बंधुभगिनींनी हा फळ्यावर अवश्य करून दाखवावा. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा ते दहा पिल्ले देते, आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. आपण हात आखडता घेऊन असे धरू, की एक जोडी तीन महिन्यांत आठच पिल्ले देते आणि त्यांतले कोणी मरत नाही. म्हणजे दर तीन महिन्यांनी संख्या पाचपट झाली. दोनाचे दहा, दहाचे पन्नास, पन्नासाचे अडीचशे, आणि वर्षअखेर साडेबाराशे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस सात लाख एक्याऐंशी हजार दोनशे पन्नास! हे झाले एका जोडीचे. मग सारी पृथ्वी उंदरांनी भरून का जात नाही?

हा हिशेब पहिल्यांदा गाजवला तो माल्थस या इंग्रज पंडिताने. १७९८ साली त्याने एक निबंध छापला. तो होता माणसांविषयी. संख्या गुणाकाराने वाढते, अन्न बेरजेने वाढते, आणि या ओढाताणीत भूक, रोग आणि अकाली मरण संख्येला आवर घालतात, असे त्याचे म्हणणे. गंमत अशी, की या माल्थसाचा आपल्या मुलखाशी आडून संबंध येतो. ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानात पाठवायचे मुलकी अधिकारी तयार करण्यासाठी इंग्लंडात एक कॉलेज काढले होते. तिथे १८०५ पासून १८३४ साली मरेपर्यंत माल्थस इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवत होता. इथे येऊन कलेक्टर होणारी कितीतरी तरुण मंडळी त्याच्यापुढे बसून शिकली.

पुढे १८३८ साली डार्विनने माल्थसाचा निबंध वाचला आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. जो नियम माणसाला, तोच प्राण्यांना आणि झाडाझुडपांना! हत्तीसारखा सावकाश विणारा प्राणी घेतला, तरी एका जोडीपासून साडेसातशे वर्षांत जवळजवळ एक कोटी नव्वद लाख हत्ती होतील, असा हिशेब त्याने मांडून दाखवला. होत नाहीत, याचाच अर्थ कोणीतरी अडवते आहे. त्याच १८३८ साली बेल्जमचा गणिती फेरहुल्स्ट याने या अडवण्याचे गणित बसवले. संख्या आधी हळू वाढते, मग झपाट्याने वाढते, आणि मर्यादा जवळ आली की तिचा वेग कमी होत होत ती एका पातळीला जवळजवळ स्थिर होते.

ही मर्यादा म्हणजे काय, ते शेतकऱ्याला समजावून सांगायला गणित नको. भाताचे खाचर डोळ्यांपुढे आणा. खाचराला चारी बाजूंनी बांध असतो. तीन बाजूंचा बांध कमरेइतका केला आणि चौथ्या बाजूचा वीतभरच ठेवला, तर पाणी किती साठेल? वीतभरच. उंच बांधाचा उपयोग नाही. सर्वांत खालचा जो बांध, तोच पाण्याची पातळी ठरवतो.

प्राण्याच्या संख्येलाही असेच चार बांध असतात. पहिला अन्नपाण्याचा. दुसरा जागेचा, म्हणजे राहायला, लपायला, पिल्ले घालायला ठिकाण. तिसरा शत्रूचा, म्हणजे त्याला खाणाऱ्याचा किंवा मारणाऱ्याचा. चौथा रोगाचा. यांपैकी ज्या वेळी जो सर्वांत खाली असेल, तो संख्या ठरवतो. दाटी वाढली की अन्न आणि जागा कमी पडू लागते, रोग एकाचा दुसऱ्याला चटकन लागतो. म्हणजे हे बांध दाटीबरोबर अधिक जाणवू लागतात. महापुराचे किंवा दुष्काळाचे तसे नाही, तो थोड्यांनाही झोडपतो आणि पुष्कळांनाही. पण महापूर ओसरला, आणि बांध शाबूत असले, की खाचर पुन्हा पहिल्या पातळीला भरते. जननाचा झरा ते भरून काढतो. हे एवढे ध्यानात ठेवा. पुढची सारी कथा याच खाचरात घडते.

आता वाघाकडे वळू. वाघाचे जगणे व्याजावर असते. एक मोठा वाघ वर्षाला सुमारे पन्नास मोठी जनावरे मारतो. सांबर, चितळ, रानडुक्कर अशी. रानातल्या कळपातून शेकडा दहाच्या आसपास जनावरे वाघाने नेली, तर कळप ते भरून काढतो. त्याहून जास्त नेली तर मुद्दलालाच हात लागतो. म्हणजे एका वाघापाठीमागे सुमारे पाचशे जनावरांचे मुद्दल रानात हवे. एवढी जनावरे चरायची तर रान केवढे हवे, याचा विचार करा.

१८५३ च्या एप्रिलच्या १६ तारखेला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली, आणि १८६५ पर्यंत थळ घाट चढून गेली. रुळांखाली लाकूड, मुंबईच्या चुलीत लाकूड, घरांच्या तुळयांना लाकूड. रान मागे हटत गेले. १८८२ साली सरकारने ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर छापले, तेव्हा जिल्ह्याच्या वन्य प्राण्यांत वाघाची नोंद होती. पण त्या काळी वाघ, बिबट्या, लांडगा मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे, आणि साहेब लोकांची शिकार चालूच होती. हरणे आणि सांबरेही शिकारीतून सुटत नव्हती. साष्टी बेटावर, विहार तलावाजवळ, १९२९ साली एक वाघ मारला गेल्याची नोंद आहे. तिथला हा शेवटचा वाघ मानतात. पाहा, इथे काय झाले! अन्नाचा बांध खचला, जागेचा बांध खचला, आणि वर बंदुकीने बादल्या भरभरून पाणी उपसले गेले. वाघीण दोन-तीन वर्षांतून एकदाच विते. झरा बारीक, आणि उपसा मोठा. खाचर कोरडे पडले.

मग बिबट्या का उरला? त्याच्यावरही बक्षीस होते, त्याचेही रान गेले. उत्तर त्याच्या पोटात आहे. बिबट्या वाघाच्या मानाने लहान, आणि खाण्याच्या बाबतीत मुळीच चोखंदळ नाही. उंदीर, ससा, कोंबडी, माकड, शेळी, चितळ, जे मिळेल ते त्याला चालते. उसाचा फड त्याला राहायला पुरतो, ओढ्याकाठची झुडपे लपायला पुरतात. आणि माणूस जिथे जातो तिथे आपल्याबरोबर एक प्राणी हटकून नेतो, तो बिबट्याला फार आवडतो. तो म्हणजे कुत्रा.

कुत्र्याची गोष्ट सांगण्यापूर्वी, मारून संख्या कमी होते का, हे इतिहासाला विचारू. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग उद्भवला आणि पाहता पाहता तो मुंबईबाहेर फैलावला. उंदरांवरच्या पिसवा तो पसरवतात हे पुढे सिद्ध झाले, आणि उंदीर मारण्याची मोहीम निघाली. त्या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे लोटली. मुंबई महानगरपालिकेत रात्री काठी आणि विजेरी घेऊन उंदीर मारणारे कामगार अजून आहेत. उंदीरही आहेत! कारण धान्याची कोठारे, गटारे आणि उकिरडे होते तिथेच आहेत. जे उंदीर मेले त्यांचे अन्न उरलेल्यांना मिळाले, त्यांची पिल्ले जास्त जगली, खाचर पुन्हा भरले.

कुत्र्यांचेही तेच. १८३२ साली इंग्रज सरकारने मुंबईत मोकाट कुत्री मारायला माणसे लावली, तेव्हा पारशी मंडळींच्या भावना दुखावून शहरात दंगा झाला होता. पुढेही मुंबईत कुत्री मारणे चालूच राहिले, ते थेट १९९० च्या दशकापर्यंत. एवढे करून कुत्री संपली नाहीत. त्यानंतर मारण्याऐवजी नसबंदीचा मार्ग आला आणि २००१ साली केंद्र सरकारने त्याचे नियम केले. नसबंदीने झरा आटतो हे खरे. पण तीही बहुतेक सगळ्या कुत्र्यांची आणि सतत झाली पाहिजे, नाहीतर उरलेला झराच खाचर भरायला पुरतो. अन्नाचा बांध उंच ठेवून कुत्री कमी व्हावीत ही अपेक्षा फोल आहे.

आणि हा बांध आपण गेल्या काही वर्षांत किती उंच केला! गावे वाढून शहरे झाली. कल्याणच्या आधारवाडीला कचऱ्याचा डोंगर वर्षानुवर्षे वाढत होता. तिथे कचरा टाकणे २०२१ साली बंद झाले. पण रस्त्याच्या वळणावरचा, हॉटेलच्या मागचा, मटणाच्या दुकानाजवळचा उकिरडा कुठे नाही?

यात आणखी एका पक्ष्याने नकळत भर घातली. आपल्या गावाबाहेर मेलेली ढोरे टाकण्याची जागा असे. ढोर टाकले की गिधाडे उतरत आणि काही तासांत हाडांचा सापळा उरे. १९९० च्या दशकात ही गिधाडे देशभर धडाधड मरू लागली. तीन जातींची गिधाडे तर शंभरांतली सत्त्याण्णवहून अधिक नाहीशी झाली. २००४ साली कारण उघड झाले. ढोरांना दुखण्यावर टोचतात ते डायक्लोफिनॅक नावाचे औषध मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करते. २००६ साली भारत सरकारने ढोरांसाठी या औषधावर बंदी घातली. पण गिधाडे अजून भरून निघालेली नाहीत. का बरे? गिधाडीण वर्षाला एकच अंडे घालते, आणि तिचे पिल्लू वयात यायला पाच वर्षे लागतात. उंदराचा झरा धो धो वाहतो, गिधाडाचा थेंब थेंब ठिबकतो. म्हणून उंदीर मारून संपत नाहीत, आणि गिधाडे कोणी मारायचे मनात न आणताही संपतात. आणि गिधाडे गेल्यावर त्या ढोरांच्या मांसावर कोण बसले? कुत्री.

आता बिबट्याची ताजी हकीकत ऐका. येऊरचे रान ज्यात मोडते ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सारे मिळून सुमारे १०३ चौरस किलोमीटर. त्याला तीन बाजूंनी शहरांचा वेढा. एवढ्याशा जागेत आणि तिच्या कडेला २०१५ साली आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावून गणती केली, तेव्हा ३५ बिबटे आढळले. त्यांची विष्ठा तपासली, तर अर्ध्याहून अधिक अन्न रानातले होते, चितळ, सांबर वगैरे. पण सुमारे चौथा हिस्सा निव्वळ कुत्र्यांचा होता. म्हणजे आपला उकिरडा कुत्र्याला पोसतो आणि कुत्रा बिबट्याला पोसतो. रानाने जेवढे बिबटे पोसले असते, त्याहून अधिक बिबटे आपण पोसतो आहोत.

यावर सर्वांना सुचणारा उपाय एकच, पिंजरा लावा आणि बिबट्या लांब नेऊन सोडा. तो करून पाहिलेला आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नरकडे २००१ पासून दोन-तीन वर्षे शंभराच्या आसपास बिबटे पकडून दुसरीकडे सोडले. त्यापूर्वी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. त्या काळात ते सरासरी सतरा झाले. बोरिवली-ठाण्याच्या उद्यानातही बाहेरचे बिबटे आणून सोडले जात, आणि २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या कडेने हल्ल्यांनी थैमान घातले. २००४ च्या एकट्या जून महिन्यात अनेक जीव गेले.

असे का झाले, ते खाचरावरून कळेल. एका खाचरातले पाणी बादलीने उचलून भरलेल्या दुसऱ्या खाचरात ओतले. पहिले रिकामे राहिले नाही. अन्न होते, म्हणून मोकळ्या झालेल्या जागेत दुसरे, बहुधा तरुण आणि अनोळखी बिबटे आले. दुसरे तर आधीच भरलेले, तिथे आलेला पाहुणा वाटा माहीत नसलेला, बिथरलेला आणि भुकेला. तो माणसाच्या वाटेला जाणार नाही तर काय करील? हे ध्यानात आल्यावर उद्यानात बाहेरचे बिबटे सोडणे थांबले, कडेच्या वस्त्यांत लोकांना समजावणे सुरू झाले, आणि हल्ले पुष्कळ कमी झाले. संपले मात्र नाहीत. २०२२ च्या दिवाळीत आरे वसाहतीत बिबट्याने एका तान्ह्या मुलीचा जीव घेतला. त्या घरापुढे कोणतेही शास्त्र दिलासा म्हणून सांगता येत नाही. म्हणूनच उपाय असा हवा, की जो खरोखर लागू पडेल. माणसावर चटावलेला बिबट्या पकडलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण दिसेल तो बिबट्या पकडणे म्हणजे आपल्या हाताने संकट ओढवून घेणे.

मर्यादा वर गेल्याचे एक देखणे उदाहरणही आपल्याकडे आहे. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, १९९० च्या दशकापासून वाढत वाढत लाखाच्या घरात गेले. २०१५ साली तिथे अभयारण्य झाले आणि २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत, खाडीचे नाव लागले. पण हे पाहुणे कशावर जगतात? त्यांतल्या लहान रोहितांचे मुख्य खाद्य शेवाळ, आणि शहराचे सांडपाणी खाडीत येते त्याने हे शेवाळ माजते! म्हणजे उकिरड्याचा कुत्रा आणि खाडीचा रोहित, दोघेही आपल्याच घाणीवर वाढले. फक्त एकाला आपण दगड मारतो आणि दुसऱ्याचे फोटो काढतो. उद्या सांडपाणी आणखी विषारी झाले किंवा चिखलाच्या जागेवर भराव पडला, की हाच बांध फुटेल आणि लाखाचे हजार व्हायला वेळ लागणार नाही.

श्रोतेहो, ठाणे आणि पालघरच्या पाड्यांवर वाघोबाची स्थाने आहेत. शेंदूर फासलेल्या त्या देवाला वारली आणि इतर आदिवासी बांधव दिवाळीच्या सुमारास वाघबारसेला पुजतात. देव पुजला म्हणून बिबट्या शेळी नेणार नाही, असे तेही म्हणत नाहीत. पण या रानात आपण दोघेही राहणार आणि प्राण्याचाही एक वाटा आहे, ही जाणीव त्या पूजेत आहे. तिला आजच्या शहाणपणाची जोड द्यायला हवी.

ती कशी? बिबट्याच्या मुलखात राहणाऱ्यांनी शेळ्या-कोंबड्या रात्री पक्क्या दाराच्या गोठ्यात ठेवाव्या. कुडाच्या भिंतीवर विसंबू नये. अंधार पडल्यावर लहान मूल अंगणात एकटे सोडू नये, परसाकडेला एकटे पाठवू नये. पाड्याची वाट उजेडाची असावी. तो उजेड ग्रामपंचायतीकडे हक्काने मागावा. मेलेले ढोर उघड्यावर न टाकता पुरावे. आणि मुख्य म्हणजे उकिरडा झाकावा, नाहीतर हलवावा. उकिरडा गेला की कुत्री कमी होतील, कुत्री कमी झाली की वस्तीकडे येण्याचे बिबट्याचे कारणही कमी होईल. मात्र हे बेताने, सर्वांनी मिळून आणि कायमचे व्हायला हवे. एका आळीने कचरा उचलला आणि शेजारच्या आळीत टाकला, तर बिबटे इकडून तिकडे हलवण्यासारखेच ते होईल.

शिक्षकांना एक सुचवतो. गावातल्या एका उकिरड्याजवळ ठरल्या वेळी, लांबूनच, मुलांकडून महिनाभर कुत्री आणि कावळे मोजून घ्या. मग ग्रामपंचायतीला सांगून तो उकिरडा साफ ठेववा आणि पुढचे काही महिने पुन्हा मोजा. आकडे वहीत मांडा आणि आलेख काढा. उंदराच्या जोडीचे सात लाख का होत नाहीत, हे मुलांना त्या रेघेवरून कळेल. आणि पुढे गावात पिंजऱ्याची मागणी होईल तेव्हा, आधी उकिरडा कुठे आहे, हे विचारणारा एखादा तरी माणूस त्या सभेत असेल.